सिवाच्या देवळात अक्काचा कौल

सिवाहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, “मग, पिरॅमिड पाहिले का?” पाहिले. ते फोटोत दिसतात तसेच आहेत, आणि तिथले उंटवाले आपल्या बंगळूरच्या मॅजेस्टिक स्टँडवरच्या ऑटोवाल्यांपेक्षा चिकट आहेत. पण पिरॅमिडांसाठी मी गेलोच नव्हतो. मी गेलो होतो सिवाला. आणि सिवात काय काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर असं की मी बहुतेक वेळ माझ्या थोरल्या बहिणीची वाट पाहिली.

इजिप्तच्या पार पश्चिमेला, लिबियाच्या हद्दीशी, वाळवंटाच्या पोटात हे गाव आहे. चहूकडे वाळू आणि मधेच खजुराची, ऑलिव्हची दाट झाडं, गोड्या पाण्याचे झरे, खारी तळी. तिथं टेकडीवर आमोन देवाचं देऊळ आहे. सिकंदर एवढं वाळवंट तुडवत त्या देवाला प्रश्न विचारायला गेला होता, आणि देव काय म्हणाला ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या मास्तरांनी शाळेत सांगितली तेव्हापासून माझ्या डोक्यात ते गाव बसलेलं. नोकरी, मुलांची शिक्षणं, लग्नं सगळं उरकून, निवृत्त होऊन, एकदाची तिकिटं काढली. मी आणि माझी बायको वसुधा, असा दोघांचाच बेत होता. तिथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं.

मग एका रविवारी येलहंकाला अक्काच्या घरी कॉफी पिता पिता मी ही सिकंदराची गोष्ट तिला सांगितली. ते मी करायला नको होतं.

“म्हणजे तो देव कौल देतो म्हण की,” अक्का म्हणाली.

आमच्या घराण्याला बंगळूरला येऊन साडेतीनशे-चारशे वर्षं झाली. कुणा सरदाराच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज इकडं आले ते इथलेच झाले. येताना त्यांनी जी भाषा आणली तिच्यात आता निम्मी कन्नड मिसळली आहे, पण कौल लावायची रीत मात्र त्यांनी सबंध आणली आणि अजून जपली आहे. घरात काही अडलं, की न्हाऊन, उपाशीपोटी देवीपुढं जायचं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओलं पान किंवा पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि गप्प बसून राहायचं. उजवं पान आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. माझ्या दोन्ही मुलांची शाळा अशीच ठरली. मी सरकारी खात्यात जन्मभर पुलांचे नकाशे काढले, त्यामुळं या प्रकारावर माझा काडीचा विश्वास नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता अक्काला अडलं होतं ते असं. येलहंकात तिचं घर आहे. तीस बाय चाळीसची साइट, त्यावर भावजींनी बांधलेलं साधं घर, पुढं चमेलीचा वेल. भावजी गेल्यापासून ती तिथं एकटीच राहते. तिचा मुलगा प्रसन्ना सर्जापूर रोडला, बाराव्या मजल्यावर. त्याचं म्हणणं, घर विकून टाक आणि माझ्याकडं ये. घ्यायला गिऱ्हाईकही तयार. आणि अक्का कित्येक महिने होय म्हणेना आणि नाहीही म्हणेना. मी प्रसन्नाच्या बाजूचा होतो आणि तसं तोंडावर सांगत होतो. गच्ची गळते, बोअरला पाणी नाही, रात्री काही झालं तर दार ठोठावायला कुणी नाही. तिकडं फाटकावर वॉचमन, नाव-नंबर लिहिल्याशिवाय चिटपाखरू आत येत नाही.

“मग कुलदेवीला का नाही लावत कौल?” मी वैतागून विचारलं.

“ती आपल्या घरची आहे रे तम्मा. ती माझीच बाजू घेणार,” अक्का म्हणाली. मी साठी ओलांडली तरी तिच्यासाठी धाकटा भाऊ, म्हणजे तम्माच. “तिऱ्हाईत देव पाहिजे. परत आल्यावर प्रसन्नाला सांगते म्हणावं, काय ते.”

अशा रीतीनं तिसरं तिकीट काढलं.

शाली

कैरोपासूनचा गाडीतला दिवस मी सांगत बसत नाही. गाडीच्या डाव्या बाजूला वाळू आणि उजव्या बाजूला वाळू होती.

सिवात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गावाच्या मधोमध शाली नावाचा जुना किल्ला उभा आहे, म्हणजे जेवढा उरला आहे तेवढा उभा आहे. मीठमिश्रित चिखलाच्या भिंती आणि खजुराच्या खोडांच्या तुळया. इथं वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही, म्हणून हे बांधकाम चालून गेलं. पण शंभरेक वर्षांपूर्वी सलग तीन दिवस पाऊस लागला आणि मीठ विरघळून घरं अक्षरशः ओघळली. लोक खाली सपाटीवर येऊन राहिले. उन्हं तिरपी झाली की त्या अर्धवट भिंती गुळाच्या ढेपेच्या रंगाच्या होतात. मी असं काही पाहिलं नव्हतं. गल्लीबोळांतून वर चढत गेलो, तर गुडघे कुरकुरत असूनही थांबवेना.

“पावसात सगळं गेलं?” अक्कानं विचारलं.

“सगळं नाही. राहायजोगं राहिलं नाही.”

“आणि आमची गच्ची स्वल्प गळते तर तू विकून टाक म्हणतोस.”

वसुधानं तेवढ्यात आमचा फोटो काढला. त्यात मी दात दाबून हसतो आहे.

गाव दाखवायला आम्हाला युसूफ मिळाला, चाळिशीचा, मोडकं इंग्रजी बोलणारा. त्याचं वाहन म्हणजे आपल्या ऑटोचा चुलतभाऊ, पुढं मोटारसायकल आणि मागं माल न्यायची उघडी गाडी. तीत गाद्या टाकून त्यानं आम्हाला बसवलं. अक्काला तो पहिल्यापासून ‘हाज्जा’ म्हणायला लागला. थोर बाईला तिकडं असं म्हणतात. अक्कानं त्याला ‘अण्णा’ करून टाकला. दोघांचंही एकमेकांशिवाय पान हलेना, आणि भाषा मात्र एकाची दुसऱ्याला येत नव्हती.

जेवायला डाळीचं घट्ट सूप, गरम रोट्या, खारवलेले ऑलिव्ह आणि खजूर. खजूर इतके मऊ की वसुधा म्हणाली, हे तुपाशिवायच तुपाळ लागतात. अक्कानं सूप चाखलं आणि पिशवीतून चटणीपुडीचा डबा काढला. डबा टेबलावरून फिरला, हॉटेलच्या मालकापर्यंत गेला आणि रिकामा होऊन परत आला. या भानगडीत सूर्यास्त बघायला तळ्याकाठी जायचं राहून गेलं.

युसूफचं घर

दुसऱ्या दिवसाचा माझा बेत कागदावर पक्का होता. सकाळी देऊळ, मग मृतांचा डोंगर म्हणतात ती कोरीव थडगी, दुपारी झरा, संध्याकाळी खारं तळं. अक्का पहाटेच न्हाऊन, उपाशी, ओले केस सोडून तयार होती. एवढंच होतं की पान नव्हतं.

पान तिनं येलहंकाहून आणलं होतं. अंगणातली तुळस ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत, बॅगेच्या तळाशी. चार दिवसांत त्या तुळशीची काळी भाजी झाली होती.

“मग दुसरं कुठलंही पान घे,” मी म्हणालो. “झाडांना तोटा आहे का इथं?”

तोटा नव्हता. पण खजुराचं पान म्हणजे सुरी. ऑलिव्हचं पान कडक, ते ओलं केलं तरी चिकटेना; अक्कानं हॉटेलच्या भिंतीवर लावून बघितलं. बोगनवेलीची पाकळी तिला चालेना, कारण तिला वास नाही. मी म्हणालो, देवाला कुठं माहीत आहे. तर ती म्हणाली, तुला माहीत नसलं म्हणून देवाला माहीत नसतं असं नाही.

युसूफला खुणांनी, वास घेऊन दाखवून, कसंबसं समजावलं. त्याचा चेहरा उजळला. “रीहान!” तो म्हणाला आणि आम्हाला गाडीत घालून सरळ स्वतःच्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईच्या अंगणात डब्याडब्यांतून सब्जाची रोपं होती, हिरवीगार. सब्जा म्हणजे तुळशीच्याच घरातला. अक्कानं दारातूनच वास घेतला आणि मान डोलावली, “सरी. चालतंय.”

पाच मिनिटांचं काम होतं. पण सिवात परक्या पुरुषानं बायकांच्या वावरात पाय टाकायचा नाही. अक्का आणि वसुधा आत गेल्या आणि दार लागलं. मी बाहेर भिंतीच्या सावलीत चटईवर. युसूफनं चहा केला. छोट्या पेल्यात, काळा, पाकासारखा गोड, त्यात गवती चहा. मग दुसरा पेला, मग तिसरा. आतून हसण्याचे आवाज येत होते. मधेच कुणीतरी टाळ्या पिटत गायलं. मधेच, मी शपथेवर सांगतो, अक्कानं मंगळागौरीचं काहीतरी म्हटलं. मी बसल्या जागी समोरच्या टेकडीवरची कोरीव थडगी बघत होतो. लांबून ती कबुतरांच्या खुराड्यासारखी दिसतात. जवळून कशी दिसतात ते मला अजून माहीत नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा दार उघडलं. वसुधाच्या खांद्यावर भरतकामाची निळसर शाल, अक्काच्या हातात सब्जाची जुडी, आणि दोघींच्या चेहऱ्यांवर भरल्या पोटाचं समाधान.

“जेवलात?” मी विचारलं.

“अय्यो, मग काय करायचं? त्या माउलीनं चुलीवर माझ्यासाठी म्हणून रोटी भाजली. अंड्याचं पुढं केलं तर मी नको म्हटलं, मग लगेच मसूर केली. हातात घास दिला. तो परत करायचा?”

“अक्का, उपास होता ना? कौल?”

“मोडला की आता. उद्या लावू.”

“उद्या दुपारी आपली परतीची गाडी आहे.”

“म्हणजे सकाळ आहे ना मोकळी.”

मी वसुधाकडं पाहिलं. तिनं शाल सारखी केली. घरी असतो तर मी चपला घालून चक्कर मारायला निघून गेलो असतो, पण इथं चक्कर मारायला वाळवंटच होतं. उरलेला दिवस मी दोघींशी कामापुरतंच बोललो. क्लिओपात्राच्या झऱ्यावर विदेशी पोरं धडाधड उड्या मारत होती, अक्का काठावर पाय सोडून बसली आणि म्हणाली, आपल्या बंगळूरच्या नंदीच्या देवळातल्या तीर्थासारखंच पाणी आहे. खाऱ्या तळ्यात मात्र मी उतरलो. तिथं माणूस बुडतच नाही, कितीही जड मनानं उतरला तरी. अंगावर सुकलेलं मीठ रात्री हॉटेलात नळाला पाणी नसल्यामुळं तसंच राहिलं.

आमोनचं देऊळ

शेवटच्या सकाळी गाडीत सामान भरूनच निघालो. गाडीवाल्याला टेकडीखाली थांबवलं आणि युसूफला घेऊन वर निघालो. सब्जाची जुडी रात्रभर दात घासायच्या पेल्यात पाण्यात होती, ती आता अक्काच्या मुठीत. पोट रिकामं, केस ओले. तिला चढवत नव्हतं, पण हात धरू देईना.

वरून दिसतं ते मी विसरणार नाही. पायाखाली हजारो खजुरांचे शेंडे, पलीकडं पांढरी तळी आणि त्याच्यापुढं वाळूच वाळू. देऊळ म्हणजे आता तीन-चार दगडी भिंती, एकामागं एक दारं आणि शेवटी गाभाऱ्याची अरुंद खोली, वर छप्पर नाही. सिकंदर एकटाच आत गेला होता तो इथं. लहानपणापासून ज्या जागेचा विचार केला तिथं मी उभा होतो.

“तम्मा, मूर्ती कुठाय?” मागून अक्का.

“मूर्ती दोन हजार वर्षांपूर्वी गेली, अक्का.”

“कुठं गेली?”

“मला काय माहीत?”

“तू म्हणालास देऊळ आहे म्हणून.”

वसुधानं मिटवलं. म्हणाली, मूर्ती मागच्या भिंतीला पाठ लावूनच असणार, भिंतीवरच लावा. अक्कानं सब्जाची दोन पानं पाण्यात बुडवली आणि खांद्याएवढ्या उंचीवर, हातभर अंतर ठेवून, भिंतीला चिकटवायला घेतली. तेवढ्यात तिथला राखणदार शिट्टी फुंकत आला. भिंतीला हात लावायचा नाही. तो अरबीतून बोलतोय, अक्का मराठीतून, आणि मी इंग्रजीतून माफी मागतोय. युसूफनं त्याला बाजूला नेऊन काहीबाही सांगितलं. राखणदारानं अक्काकडं पाहिलं, पानांकडं पाहिलं, पाण्याचा थेंब दगडावर लागला तर चालेल असं काहीसं पुटपुटला आणि हातांची घडी घालून आमच्यातच उभा राहिला.

अक्कानं डोळे मिटले. “देवा, तुझं नाव मला नीट घेता येत नाही. घर विकू का? एवढंच सांग.”

मग आम्ही बसलो. बंगळूरच्या हवेत पान सुकायला वेळ लागतो, तोवर ते ओलंच घसरून पडतं. वाळवंटात उलटंच झालं, पानं बघता बघता सुकली आणि भिंतीला डकवल्यासारखी बसली. खालून गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. फोटो काढायला आलेली एक जोडी आम्हाला बघून दारातच अडखळली, मग तीही भिंतीकडं बघत उभी राहिली. मला लाज वाटत होती, राग येत होता, आणि त्या दोन चिमुकल्या पानांवरून नजरही हलत नव्हती.

वारा आला. एक पान सुटलं आणि गिरक्या घेत खाली पडलं.

“उजवं,” वसुधा म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. “म्हणजे विकायचं.”

अक्कानं पदरानं तोंड पुसलं. आणि मला एकदम सर्जापूर रोडचं ते फाटक दिसलं. हातात वही घेतलेला वॉचमन मला विचारतो आहे, कुणाकडं जायचं, आणि मी माझ्या सख्ख्या बहिणीला भेटायला माझं नाव, माझा नंबर सांगतो आहे. रविवारची कॉफी नाही, पायरी नाही, चमेली नाही.

“उजवं कुणाचं?” मी म्हणालो. “आपलं उजवं. देव भिंतीला पाठ लावून आपल्याकडं तोंड करून उभा. म्हणजे पडलं ते त्याचं डावं. हात देवाचा धरायचा असतो का आपला, हे नको का बघायला?”

“पण देव कुठाय इथं?” वसुधा म्हणाली. “मूर्ती नाही, तर जो हात आहे तो आपलाच की.”

“मूर्ती नसली म्हणून देव फिरून बसला काय? अक्का, डावं पडलंय. नाही म्हणालाय तो. स्वच्छ नाही म्हणालाय.”

माझा आवाज बराच चढला असावा, कारण राखणदारानं पुन्हा शिट्टी तोंडात धरली. अक्का माझ्याकडं एकटक बघत होती. मग ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत.

“सरी,” ती म्हणाली. “उठा. गाडीवाला ओरडतोय.”

टेकडी उतरताना तिनं माझा हात धरला. खाली आल्यावर म्हणाली, प्रसन्नाला फोन लाव. लावला. रेंज मिळाली, तीही नेमकी तेव्हाच.

“प्रसन्ना? घर विकायचं नाही. नाही म्हणजे नाही. देवाचं काय विचारतोस, तुझ्या मामानंच सांगितलं.”

येलहंका

आता भाचा माझ्याशी तुटक बोलतो. एवढं समजूतदार माणूस असून मामा तुम्ही असं कसं, असं त्यानं दोनदा ऐकवलं. वसुधा चारचौघांत सांगते की आमच्या ह्यांचा कौलावर विश्वास नाही, फक्त अर्थ तेच सांगतात. आणि अक्कानं येताच मला बोलावून घेतलं. विकू नको तूच म्हणालास, तर आता गच्चीचं तूच बघ.

म्हणून परवा रविवारी मी, सिवाच्या किल्ल्यानं दुखावलेल्या गुडघ्यांसह, सिमेंटचं घमेलं आणि थापी घेऊन येलहंकाच्या गच्चीवर होतो. डोक्यावरून हवाई दलाची विमानं कानठळ्या बसवत जात होती. खाली अंगणात युसूफच्या आईनं दिलेल्या बियांना, तुळशीशेजारच्या डब्यात, कोंब आले होते. अक्का स्वयंपाकघरात उभी राहून छताची ओल बघत मला हाका मारत होती.

“तम्मा, उजवीकडं. स्वल्प उजवीकडं गळतंय.”

मी कठड्यावरून वाकून विचारलं, “कुणाच्या उजवीकडं?”

“माझ्या,” अक्का खालून म्हणाली. “घर माझं आहे.”